पुण्यातली सायकलची दुकानं: कुठे घ्यावी, कुठे दुरुस्त करावी, कुठून पळ काढावा?

मृण्मयी_क:
नमस्कार मंडळी. सायकल घ्यायची आहे. बजेट वीस ते पंचवीस हजार. उंची पाच फूट दोन इंच. सिंहगड रस्त्यावरून डेक्कनला ऑफिस आणि रविवारी खडकवासला, फार हुरूप आला तर पानशेत. रेसबिस काही नाही.

मोठ्या शोरूम टाळून मुद्दाम लहान दुकानं पालथी घालतेय, जिथे मालक स्वतः गल्ल्यावर असतो अशी. एकाने वर टांगलेली सायकल खाली काढायलाच नकार दिला. "घेणार असाल तर उतरवतो." दुसऱ्याने उंची न विचारता एक पुढे केली, "ही घ्या, सगळे हीच नेतात." तिसऱ्या दुकानातले काका मात्र तासभर बोलले, दोन-तीन सायकलींवर बसवून बघितलं, आणि घाई करू नका म्हणाले. पण तीच सायकल ऑनलाइन तीन हजारांनी स्वस्त दिसतेय.

तर प्रश्न असा, हे वरचे तीन हजार नक्की कशाचे? आणि ते द्यावेत का?

एक विनंती: तक्रार असेल तर दुकानाचं नाव इथे नको. चांगल्या दुकानांची नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेठकर:
घेणार असाल तरच उतरवतो म्हणाले? दुकान अस्सल आहे. डोळे झाकून घ्या.

टिळकरोडी:
+१. दुपारी एक ते चारमध्ये गेला होतात का? मग उत्तर दिलं हेच नशीब.

घाटवेडा:
झाले पुणेरी विनोद सुरू. प्रश्नाचं उत्तर द्या की कुणीतरी.

मृण्मयी, उंची न विचारता सायकल देणं म्हणजे पाय न बघता चप्पल देणं. दुकानात "२६ ची", "२७.५ ची" म्हणतात तो चाकाचा आकार. फ्रेमचं माप वेगळं असतं आणि तेच महत्त्वाचं. तुमच्या उंचीला साधारण १५-१६ इंची, किंवा नुसतं 'एस' लिहिलेली. दांडा मध्ये घेऊन दोन्ही पाय टेकून उभं राहा, वर दोन बोटं तरी जागा उरली पाहिजे. मग सीटवर बसून पेडल अगदी खाली न्या, गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. हँडल धरताना कोपरं ताठ होत असतील तर ती सायकल तुमची नव्हे, रंग कितीही आवडू दे. सीट वरखाली करून उंची जमवता येते, लांबी नाही जमत. हे सगळं ऑनलाइन कसं करणार?

आणि तुमच्या बजेटमध्ये "मॅडम, शॉकअप आहे, डिस्क आहे, २१ गिअर आहेत" अशी कॅसेट वाजेल. डांबरी रस्त्यावर चालवणाऱ्याला त्या किमतीतला शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारा फोर्क, नुसतं ओझं. साधा कडक फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), बऱ्यापैकी ब्रेक, टायर ३५-४० मिमीचे. सिंहगड रोडच्या खड्ड्यांना टायरच पुरे.

दुकानाबाहेर एक चक्कर मारू देत नसतील तर नमस्कार करून बाहेर पडायचं.

कोथरूडची_मावशी:
चक्कर! आमच्या वेळची गंमत सांगते. मी आणि हे गेलो. सायकल माझी, पैसे माझे, चालवणार मी. दुकानदार पूर्ण वेळ यांच्याशी बोलतोय. "सर, मॅडमना बास्केटवाली दाखवू का? गुलाबीमध्ये आलीय." हे म्हणाले, "मला विचारू नका, मला सायकल येत नाही." दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला! तरी पुढचा प्रश्न पुन्हा यांनाच, "मग मॅडमना गिअर जमतील ना?"

जमतात हो. सोसायटीतल्या चौघींना मी शिकवले.

वाऱ्यावरची:
मावशी __/\__

मला तर "लेडीज घ्या, पंजाबी ड्रेसवर बरी पडते" सांगितलं होतं. मी जीन्समध्ये उभी होते.

छर्रा:
आमच्या बाबांचं सायकलचं दुकान आहे. कुठे ते सांगत नाही, नाहीतर धाग्याची जाहिरात होईल. दुकानदारांचं वागणं मी झाकत नाही, वर लिहिलंय ते सगळं होतं. पण तीन हजार कशाचे, हे सांगू शकतो.

ऑनलाइन सायकल खोक्यात येते. ८५ टक्के जोडलेली. उरलेले पंधरा टक्के गिऱ्हाईक घरी जोडतं, खोक्यातल्या पत्र्याच्या पान्ह्याने. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला माणूस उजवं पेडल डावीकडे लावतो, जात नाही म्हणून जोर लावतो, जाईपर्यंत लावतो. क्रँकचे, म्हणजे पेडलच्या दांड्याचे, आटे गेले. दुसरा प्रकार, फोर्क उलटा. पुढचा ब्रेक फ्रेमकडे तोंड करून बसलेला असतो आणि सायकल चालवली की "हँडल भरकटतं हो". एका गृहस्थांनी तशी महिनाभर चालवली होती. मग आमच्याकडे येतात, "काही नाही, नुसतं टाइट करून द्या."

एकदा आमचा हात लागला की पुढे काहीही झालं तरी "तुम्हीच केली होती ना". म्हणून काही दुकानदार बाहेरची सायकल घेतच नाहीत. बाबा घेतात, पण पूर्ण फिटिंगची मजुरी लावतात. त्यावरून रोज एक तरी भांडण ठरलेलं.

आणि मजुरीचं म्हणाल तर चाकाचा आउट काढणं, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करणं, बघा कधी. बाबा चाक स्टँडला लावतात, फिरवतात, रिम कुठे घासते तिथे खडूची खूण. मग नखाने एकेक तार वाजवत जातात. ढिली तार भद्द वाजते. तारेच्या टोकाचं निपल पाव फेरा इकडे, समोरच्या बाजूचा पाव फेरा तिकडे, पुन्हा फिरव, पुन्हा वाजव. डावीउजवीकडचा आउट गेला की वरखालीचा निघतो. अर्धा-पाऊण तास सहज. मालक मोबाइलमधून मान वर काढून म्हणतो, "तारा तर आवळल्या नुसत्या, एवढे कसे?"

हिशेबी:
छर्रा, वडिलांबद्दल आदर आहे, पण नाण्याला दुसरी बाजू आहे.

ब्रेकपॅड बदलायला सायकल टाकली होती. परत आणायला गेलो तर ब्रेकपॅड, दोन्ही केबल, त्यांची आवरणं (आउटर) आणि वर नवीन चेन. "चेन गेली होती साहेब." विचारायला एक फोन करायचा ना? जुनी चेन दाखवा म्हटलं तर "फेकली". पक्कं बिल मागितलं तर आकडाच बदलला. छोट्या दुकानात प्रेमाने बोलतात ते ठीक, पण व्यवहार कागदावर नको असतो. ऑनलाइनवाला प्रेमाने बोलत नाही, पण बिल देतो आणि माल परत घेतो.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. मी त्यानंतर विचारायला गेलो तर "हा जुना स्टॉक आहे, जुन्याच रेटने". वा! कर सरकारने कमी केला, स्टॉक म्हातारा झाला म्हणून सूट नाही का?

पेठकर:
स्टॉक म्हातारा झाला तर ज्येष्ठ नागरिक सवलत लागते.

छर्रा:
हिशेबी, चेनच्या बाबतीत तुमची बाजू बरोबर. न विचारता पार्ट बदलणं ही चोरीच. जुने पार्ट परत मागायचेच, सगळ्यांनी. आणि "चेन गेली" म्हणाला तर मोजून दाखव म्हणायचं. चेन मोजायची पट्टी असते, पाऊण टक्का ताण दाखवणारं टोक कडीत सपशेल उतरलं तर चेन खरंच गेली. पट्टी नसेल तर साधी फूटपट्टी लावा. बारा इंचांत पिनेवर पिन यायला पाहिजे. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेनबरोबर मागचे दातेही तपासावे लागतील.

जुन्या स्टॉकच्या बाबतीत मात्र तुम्हाला चुना लावत होता. कर विक्रीच्या तारखेला जो असेल तो. बिल न देण्याचं समर्थन मी करणार नाही. फक्त "बिल नको, अठरा टक्के कमी करा" असं म्हणणारी गिऱ्हाइकंही मी गल्ल्यावर बसून बघितली आहेत. अठरा कुठून आणतात देव जाणे.

रात्रंदिन_पेडल:
चेनवरून आठवलं. माझा नेहमीचा मेकॅनिक, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. ब्रेव्हेच्या (ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पार करायची राइड) आदल्या संध्याकाळी गेलो, चेन नवीन टाक म्हटलं. त्याने मोजली आणि म्हणाला, "टाकत नाही. उद्या आल्यावर टाकू." मागच्या दात्यांची कॅसेट जुनी आहे, नवीन चेन जुन्या दात्यांवर चढावर उड्या मारेल, आणि तू घाटात रात्री मला फोन करशील. आहे ती साफ करून तेल दिलं, बास. मी हट्ट केला तर म्हणाला, दुसरीकडे जा.

२०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, जुन्या चेनवर आरामात झालं. आल्यावर चेन आणि कॅसेट दोन्ही बदलली, पैसे त्यालाच मिळाले. पण त्या संध्याकाळी त्याने धंदा नाकारला होता. हिशेबी, हे कुठल्या बिलावर येतं?

हिशेबी:
येत नाही. पण असा मेकॅनिक शोधायला आधी दहा नग भेटावे लागतात, त्यांची बिलं माझ्याकडे आहेत. म्हणजे नाहीत, तोच मुद्दा आहे.

टिळकरोडी:
मेकॅनिकने "दुसरीकडे जा" म्हणणं हा आता पुरावा मानायचा का चांगुलपणाचा? मग मृण्मयींचा पहिला दुकानदार संतच.

जुना_पुणेकर:
अवांतर होईल, पण राहवत नाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत गल्लीतल्या सायकलच्या दुकानात विक्री नावालाच. धंदा भाड्याचा आणि पंक्चरचा. सायकल तासावर मिळायची. वहीत नाव, वेळ, सायकलच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. मालक ओळखीचा नसेल तर कुणाची तरी ओळख सांगावी लागे. परत देताना घड्याळाकडे आधी बघायचा, मग घंटी वाजवून बघायचा, कारण घंट्यांच्या वाट्या चोरीला जात.

महानगरपालिकेचा बिल्ला सायकलला असावा लागे. संध्याकाळी दिवा नसेल किंवा डबलसीट दिसलं की पोलीस धरत. पावती नको असेल तर चाकातली हवा सोडत. आमच्या चौकात हवा सुटली की बरोब्बर समोर दुकान. दोघांची भागीदारी होती असा आमच्या सगळ्या ग्रुपला संशय.

आता सायकलींचं शहर म्हणायची पण सोय उरली नाही. अ‍ॅटलास सायकल कंपनीनेही साहिबाबादचा कारखाना बंद केला तो दिवस कुठला, तर ३ जून २०२०, जागतिक सायकल दिन.

वाऱ्यावरची:
काका, बिल्ला बघायचा असेल तर कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जाण्यासारखं. माझा मुलगा डायनॅमोपाशी अडकला. चाक फिरलं की दिवा लागतो, चार्जिंग नाही, यावर त्याचा विश्वासच बसेना.

सातारकर:
पुणेकरांचे चोचले बघून करमणूक होतेय. पुण्याबाहेर या. आमच्याकडे पंक्चरवाले पुष्कळ, गिअर समजणारा माणूस एक. त्याला लग्नकार्य असलं की अख्ख्या गावाचे गिअर अडकलेले. माझ्या मागच्या चाकाचा फ्रीहब (दाते बसतात तो फिरता भाग) जाम झाला तेव्हा मी ते चाक पोत्यात बांधून एसटी पार्सलने पुण्यातल्या एका दुकानदारांना पाठवलं. स्वारगेटला त्यांच्या मुलाने उतरवून घेतलं, दुरुस्त करून तसंच परत. पोत्यावर पेनने लिहून पाठवलं होतं, "दोन तारा बदलल्या, पैसे पुढच्या खेपेला." ते पोतं अजून आहे माझ्याकडे. मी तिथून एकही सायकल विकत घेतलेली नव्हती.

ऑनलाइनवाल्याला चाक पोत्यात घालून पाठवा बघू.

उत्रेख्तकर:
नेदरलँड्समधून सांगतो. इथे उत्रेख्त स्टेशनखाली १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे, पहिले २४ तास फुकट...

पेठकर:
आले परदेशस्थ. धागा किती प्रतिसादांनी हॉलंडला पोचतो याची पैज मी जिंकलो.

उत्रेख्तकर:
पेठकर, ऐका तर. कौतुक सांगायला नाही आलो, रडगाणं आहे. इथे मागच्या चाकाचं पंक्चर दुकानात काढायला दिलं तर मजुरी बघून घाम फुटतो. म्हणून डच माणूस पंक्चर स्वतः काढतो. चेन कव्हर, हब ब्रेक, सगळं न काढता सायकल उलटी करून नुसती ट्यूब एका बाजूने ओढायची, पाण्यात बुडबुडे बघायचे, ठिगळ लावायचं. मला हे कुणी शिकवलं? इथल्या कुणी नाही, मिरजेतल्या आमच्या पंक्चरवाल्या मामांनी, लहानपणी. घमेल्यात ट्यूब फिरवताना त्यांचं एक बोट आधीच भोकावर असायचं.

आणि इथल्या दुकानांतही "आमच्याकडून घेतलेली नाही, तीन आठवड्यांनी या" हे ऐकायला मिळतंच. त्या बाबतीत पुणे आणि नेदरलँड्स एकच.

पेठकर:
बरं, माफ केलं. आता माझाच एक खरा प्रश्न. आजोबांची जुनी रोडस्टर सायकल बाहेर काढलीय. टायरवर २८ x १ १/२ लिहिलंय. ऑनलाइन "२८ इंच" मागवला तर तो बसेना, ढिलाही नाही, चढतच नाही. खोटा माल?

छर्रा:
माल खरा, माप वेगळं. टायरच्या बाजूला रिमच्या व्यासाचा, मिलिमीटरमधला, बारीक आकडा असतो. तुमच्या रोडस्टरला ६३५ लागतो. मागवलेला बहुतेक ७००सी असणार, त्याचा ६२२. तेरा मिलिमीटर लहान, तो जन्मात चढणार नाही. तसंच २६ x १ ३/८ म्हणजे ५९० आणि एमटीबीचा (माउंटन बाइकचा) २६ x १.९५ म्हणजे ५५९. दोन्ही "सव्वीस"च, पण एकमेकांना चालत नाहीत. नुसतं इंचांवर कधी मागवू नका, तीन आकडी नंबर बघा.

नाना पेठेत जुना टायर हातात घेऊन जा, मिळेल. मडगार्ड, चेन कव्हर, क्रँक पक्का बसवणाऱ्या कॉटर पिना, सगळं त्याच फेरीत घ्या. कॉटर पिन जुनी ठोकून पुन्हा वापरू नका, महिन्यात क्रँक डुगडुगायला लागेल.

पेठकर:
मिळाला. दुकानदाराने टायर न मोजता, लांबून बघूनच "अठ्ठावीस दीड" म्हटलं आणि वरून काढला. घेणार का हे न विचारताच उतरवला! लेखी नोंद असावी.

मृण्मयी_क:
सगळ्यांचे आभार, व्यनिमधल्या नावांसाठीही.

शनिवारी पुन्हा त्या तिसऱ्या दुकानात गेले. ऑनलाइन भाव सरळ दाखवला. काका चिडले नाहीत. म्हणाले, त्या भावात मला माल पडतच नाही, मी खोटं कशाला बोलू. मग वहीत लिहून दिलं: पूर्ण फिटिंग, पहिल्या महिन्यानंतर एक आणि वर्षात अजून दोन सर्व्हिसिंग फुकट, स्टँड आणि घंटी त्यांच्याकडून. हिशेबींचं ऐकून पक्कं बिल आधीच मागितलं, मिळालं, ५ टक्क्यांनीच.

गंमत म्हणजे मी ठरवलेली सायकल घेऊच दिली नाही. चक्कर मारून आले तर म्हणाले, तुम्ही वळताना खांदे वर घेताय, ही लांब पडतेय. दोन हजारांनी स्वस्त असलेली, विनाशॉकअपची, एक माप लहान दिली. तिच्यावर बसल्याबरोबर फरक कळला. म्हणजे फरक तीन हजारांचा राहिलाच नाही. जी ऑनलाइन मागवणार होते ती मापाची नव्हतीच.

हिशेबी:
अभिनंदन. वहीतलं लिखाण बिलावर उतरवून घेतलंत का?

मृण्मयी_क:
घेतलं :) त्यांनी शिक्काही मारला. आता कुलूप कुठलं?

घाटवेडा:
केबलवालं आकडी कुलूप घेऊ नका, कटरने एका दमात तुटतं. यू-लॉक घ्या, फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून घालून खांबाला. फ्रेमचा नंबर खालच्या बाजूला, पेडलचे दांडे फ्रेमला जोडतात तिथे पोटाशी कोरलेला असतो, त्याचा आजच फोटो काढून ठेवा. चोरीची तक्रार द्यायला गेलात तर तोच विचारतील.

छर्रा:
आणि महिन्याने सर्व्हिसिंगला नक्की जा, टाळू नका. नव्या केबल ताणल्या जातात, तारा आपली जागा घेतात. त्या वेळी गिअर कुरकुरले तर सायकल खराब नाही, बॅरल (केबलचा ताण जुळवायचा स्क्रू) अर्धा फेरा फिरवायचं काम असतं.

नवी_आई:
धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. मुलगा पाच वर्षांचा, १६ इंची सायकल आहे. बाजूची चाकं काढायचीत पण पडेल म्हणून आजी काढू देत नाहीत. दुकानदार म्हणतो अजून सहा महिने राहू द्या. काय करावं?

कोथरूडची_मावशी:
बाजूच्या चाकांनी तोल शिकतच नाहीत मुलं. ती चाकं काढा, पेडलंही काढा, सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय सपाट टेकतील. पायांनी ढकलत सोसायटीत फिरू दे. पाय उचलून लांब जायला लागला की पेडलं लावा. आजींना सांगा, पाय जमिनीवरच आहेत.

नवी_आई:
पेडल कसलं निघतंय मावशी, कालपासून लोंबकळतेय पान्ह्याला.

छर्रा:
कुठलं, डावं? उलट्या बाजूला फिरवा. १५ चा पान्हा, आणि आधी दोन थेंब तेल सोडून रात्रभर राहू द्या.